आकड्यातले बांध

सोमवारी सकाळी ताई गेल्या. वर्कशॉप उघडताना फोन आला. शेठने शटर अर्धं वर केलं होतं, ते पुन्हा खाली ओढलं आणि आम्ही त्यांच्या गावी, आण्याला निघालो.

त्यांच्याविषयी लिहायचं तर त्या हातापासून सुरुवात करावी लागेल. कुणी लांबलचक आकडा एका दमात वाचायला लागलं की ताईंचा उजवा हात आपोआप वर जायचा. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून, आमटीत मीठ टाकावं तशी एक चिमूट त्या हवेत सोडायच्या. "दम खाऊ द्या की राव त्याला. एस्टी सुटल्यासारखं काय वाचताय?" मग समोरचा थांबायचा, श्वास घ्यायचा आणि आकडा तुकड्यातुकड्यांनी वाचायचा. कुरियरवाला, गॅसवाला, वायरमन, सगळ्यांनी ही चिमूट खाल्लेली आहे. एक कुरियरवाला तर पुढे पुढे दारातूनच ओरडायचा, "ताई, दम खाऊन सांगतो बरं का!"

ताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. नारायणगावच्या बाहेर, हायवेला लागून आमचं वर्कशॉप आहे. शेतातली मोटर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारे डबे तिथे तयार होतात. आमच्या भागात या डब्याचं महत्त्व सांगायला नको. शेताची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि उसात बिबट्या. रात्री मोटर चालू करायला जाण्यापेक्षा डब्याने ती परस्पर केलेली कुणालाही बरी. त्या डब्यातल्या चिपने काय करायचं, तो प्रोग्राम ताई लिहायच्या. डबा कसा वापरायचा, ती मराठी पुस्तिका मी लिहितो. पूर्वी मी तासांवर कॉलेजात शिकवायचो, म्हणून वर्कशॉपमध्ये सगळे मला सर म्हणतात. आमची टेबलं शेजारीशेजारी होती आणि मधे एकच पंखा होता. तो बहुतेक वेळा त्यांच्याकडे वळलेला असायचा.

त्या आण्याच्या. पुण्यात इंजिनियर झाल्या, तिथल्या एका कंपनीत बरीच वर्षं काम केलं आणि मग परत आल्या. का परत आलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तिथं खिडकी उघडत नव्हती." त्यांनी लग्न केलं नाही. भाऊ-वहिनींसोबत पठारावरच्या घरात राहायच्या आणि रोज स्कूटरवरून घाट उतरून यायच्या. बोलणं शेवटपर्यंत आण्याचंच राहिलं. पुढे आलेल्या नव्या इंजिनियरने पहिल्या दिवशी त्यांना मॅडम म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम काय? मी बँकेत हाय का? ताई म्हणा."

कामाची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. डबा बसवायच्या आधी त्या स्वतः शेतावर जायच्या. बांधावर उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवून. शेतकऱ्याला विचारायच्या, "पाणी आधी कुणाला?" तो सांगायचा, वरच्या वावराला, मग मधल्याला, मग खालच्याला. मग त्या तिथेच मोबाइलवर एक आकडा लिहायच्या.

हा आकडा तुम्हाला समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अवघड काही नाही. एक म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, शून्य म्हणजे बंद. डिंगोऱ्याच्या एका शेतकऱ्याच्या वरच्या वावरात दोन व्हॉल्व्ह, मधल्यात चार, खालच्यात तीन. त्याच्या सकाळच्या पाळीला वरचं वावर पूर्ण बंद, मधलं अर्धं चालू, खालचं सगळं चालू. ताईंनी ते असं लिहिलं:

0b00'0011'111

सुरुवातीचं शून्य आणि बी एवढंच सांगतं की पुढे फक्त शून्य आणि एक येणार आहेत. पुढे दोन, मग चार, मग तीन. आणि मधल्या त्या वरच्या खुणा, एकेरी अवतरणचिन्हासारख्या, त्यांना ताई बांध म्हणायच्या. "वावरात जिथं बांध, तिथं आकड्यात बांध." त्या शेतकऱ्याला त्यांनी मोबाइल दाखवला तेव्हा मी बाजूलाच होतो. त्याने डोळे बारीक केले, बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही वरची दोन. हे मधलं. आन् हा माझा कांदा." ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना कुणी पदक दिलंय.

आता गंमत अशी की ज्या सी भाषेत ताई प्रोग्राम लिहायच्या, तिच्या नियमांत त्या काळी हे बसतच नव्हतं. शून्य-बी सीच्या पुस्तकात नव्हतं. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं चिपला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, तो आपला मोठ्या मनाने चालवून घ्यायचा. आकड्यातल्या खुणेला मात्र तो अडायचा. शेजारच्या सी प्लस प्लस भाषेत ती खूण चालायची. ताईंनी ती तिथून आणली होती, शेजारून वाटीभर साखर आणावी तशी. आणि कंपायलर अडू नये म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. तिचं नाव चाळणी. ताईंची फाइल आधी चाळणीतून जायची, दोन अंकांच्या मधल्या खुणा तिथे गळून पडायच्या आणि उरलेला कोरा आकडा कंपायलरला मिळायचा.

चाळणीने एकदा फजिती केली. डबा चालू झाला की त्याच्या पडद्यावर नमुन्यादाखल विहिरीतल्या पाण्याची खोली दिसायची, चाळीस फूट सहा इंच, 40'6 फूट अशी लिहिलेली. फुटांची खूणही तीच, वरची. चाळणीला आकडा आणि पडद्यावरचा मजकूर यातला फरक कुठे कळतो? तिने तीही खाल्ली. आळेफाट्याच्या कृषी प्रदर्शनात आमचा डबा मांडला तर पडद्यावर 406 फूट. एक म्हातारा शेतकरी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही हिर कुणाची वो? शेषनागाची का?" सगळ्यांत मोठ्याने ताईच हसल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या आणि तिथेच लॅपटॉप उघडून चाळणी दुरुस्त करायला लागल्या.

पुढे सीच्या नव्या नियमांत ती खूण रीतसर घेतली गेली. नवा कंपायलर आणला तर तो बांधासकट आकडा वाचू लागला. ताईंनी त्या दिवशी चाळणी पुसून टाकली आणि येताना पेढे आणले. शेठने पेढा तोंडात टाकत विचारलं, "कोण पास झालं?"

"सी," ताई म्हणाल्या.

शेठ म्हणाले, "उशीरच केला की." आणि दुसरा पेढा उचलला.

नवा इंजिनियर त्यानंतर आला. मंचरचा, हुशार, नीटनेटका. त्याच्या टेबलावर वायरींचीसुद्धा रांग असायची. तो सोबत एक टूल घेऊन आला. लिहिलेला प्रोग्राम त्यातून काढला की ओळी सरळ, कंस जागच्या जागी, रिकाम्या जागा सारख्या. प्रोग्राम करतो तेच काम करतो, फक्त दिसायला व्यवस्थित. वर्कशॉपमध्ये त्या टूलला दुपारपर्यंत नाव पडलं होतं. इस्त्री.

पहिल्याच दिवशी इस्त्रीने ताईंची एक फाइल विस्कटली. इंजिनियरच्या लॅपटॉपवरचं टूल जुनं होतं. सीमध्ये ती खूण म्हणजे अवतरण सुरू झालं, एवढंच त्याला ठाऊक. पहिल्या बांधापाशी त्याला वाटलं की कुणीतरी बोलायला लागलंय. मग ते बोलणं कुठे संपतं हे शोधत ते पुढे निघालं आणि वाटेतल्या सगळ्या ओळींची त्याने पार दशा केली. एक कंस तर पानाच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिला होता.

ताई वाकून पडद्याकडे बघत होत्या. "इस्त्रीनं सदरा जाळला की वो," त्या म्हणाल्या.

इंजिनियरचे कान लाल झाले. "ताई, व्हर्जन जुनंय. नवं टाकतो. नव्याला कळतं हे."

"टाका. सदरा दुसरा हाय माझ्याकडं. जुनी फाइल ठेवलीय मी."

नवं टूल टाकलं आणि त्याने खरंच सगळं ओळखलं. ताईंना ते आवडलं, हे मी मुद्दाम सांगतो. ताईंचं स्वतःचं लिखाण पसरट होतं. इस्त्री मारलेली फाइल त्या कौतुकाने वरखाली करत राहायच्या. "आमच्या वहिनीनं घडी घातल्यासारखं वाटतंय," म्हणायच्या. दोघांचं छान जमलं. तो त्यांच्या डब्यातली आण्याची आमटी खायचा आणि त्या त्याच्याकडून टूलची एकेक कळ शिकायच्या.

मग ताईंचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि त्यांना पुण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना टेबल आवरलं नाही. पंखा मात्र माझ्याकडे वळवून गेल्या.

त्याच सुमारास शेठला पुण्यातल्या एका कंपनीचं मोठं काम मिळायचं ठरत होतं. आमचेच डबे, त्यांच्या नावाने विकायचे. अट एक होती. सगळा प्रोग्राम त्यांनी दिलेल्या नियमांप्रमाणे इस्त्री होऊन आला पाहिजे. इंजिनियरने त्यांची नियमांची फाइल टूलला दिली आणि एका दुपारी सगळ्या फायली त्यातून काढल्या. एकही चूक आली नाही. डबे लावून पाहिले, सगळे व्हॉल्व्ह पूर्वीसारखेच उघडले. शेठने भेळ मागवली.

थोड्या दिवसांनी डिंगोऱ्याच्या त्या शेतकऱ्याचा फोन आला. "खालच्या वावरात कांदा काढून पडलाय. तिकडं पाणी नका सोडू. खालचं बंद करून द्या." साधं काम होतं. इंजिनियरने फाइल उघडली, आकड्याचा शेवटचा गट होता तो शून्य केला आणि नवा प्रोग्राम डब्याला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये आलो तर फोन वाजतच होता.

"सर, तुमच्या डब्यानं माझ्या मळ्यात कारंजं केलंय!" मागे लहान मुलांचा नुसता कालवा. "पायपाचा सांधा उडाला. नारळाच्या झाडाएवढं पाणी उडतंय! पोरं आंघोळी करत्यात!"

"कांदा?" मी विचारलं.

"बायकांनी ट्रॉलीत घातला म्हणून वाचला. ह्यो इंजिनियर कुठंय तुमचा? त्याला म्हणावं ये साबण घिऊन!"

मोटर बंद करायला लावली. पाइप का फुटला हे उघड होतं. पाच व्हॉल्व्हमधून जाणारं पाणी फार कमी वाटांनी जायला निघालं होतं. पण खालचे तीन बंद केले तरी मधले दोन उघडे राहायला हवे होते, आणि तेवढ्यावर मोटर चालते हे आधी तपासलेलं होतं. प्रत्यक्षात एकच उघडा होता. इंजिनियर आकड्याकडे बघत बसला. मीही बघितलं. आम्हाला त्यात काही दिसेना. तीन वावरं, तीन गट, शेवटचा शून्य.

शेवटी ताईंना फोन लावला. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण ठसका तोच. आधी त्यांनी कारंज्याची सगळी हकीगत ऐकून घेतली, पोरांच्या आंघोळीसकट. मग म्हणाल्या, "काल बदलायच्या आधी आकडा कसा होता? वाचा बरं. दम खात वाचा."

जुनी फाइल इंजिनियरकडे होतीच. तो वाचू लागला. "शून्य." थांबला. "शून्य शून्य शून्य एक." थांबला. "एक एक एक एक."

मग ताई हसल्या, आणि हसताना त्यांना दुखत असावं, कारण मधेच थांबल्या. "हे वावर माझं न्हाई, भाऊ. माझं दोन, चार, तीन. हे एक, चार, चार कुणाचंय?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनीच्या नियमात लिहिलं होतं की शून्य-बीच्या आकड्यात उजवीकडून चार चार अंकांनंतर खूण असावी. इस्त्रीने ताईंचे बांध काढले आणि आपले घातले. आकडा तोच. किंमत तीच. डब्याला काडीचाही फरक नाही, म्हणून कुठली चूक दिसली नाही. फक्त शेवटच्या गटात आता चार अंक होते. तीन खालच्या वावराचे आणि एक मधल्या वावराचा. इंजिनियरने खालचं वावर बंद केलं तेव्हा मधला एक व्हॉल्व्हही बंद झाला.

"लाखाचं काय केलंय त्यानं बघा आता," ताई म्हणाल्या. मोटर चालू झाल्यावर किती वेळ थांबायचं, हे मिलिसेकंदांत सांगायला त्या एक लाख लिहायच्या, आपल्या पद्धतीने, एक, मग दोन शून्यं, मग तीन.

इंजिनियरने शोधलं. "शंभर. शून्य शून्य शून्य."

"शंभर हजार! आवो, आमच्या आण्याच्या बाजारात शंभर हजार म्हणलं तर लोक डोक्यावर पाणी मारतील माणसाच्या."

इंजिनियरला हसू आलं, पण तो खचला होता. "ताई, चूक माझी."

"तुमची न्हाई आन् टूलचीबी न्हाई. ते वावर हाय हे त्याला कुणी सांगितलं? मीबी कुठं लिव्हलं न्हाई शेजारी. मला वाटलं, दिसतंयच की."

डिंगोऱ्याचा आकडा त्यांनी फोनवरूनच दुरुस्त करून घेतला. संध्याकाळी इंजिनियर स्वतः पाइप घेऊन गेला आणि पोरांसाठी खरोखरच साबणाची वडी घेऊन गेला. शेतकऱ्याने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. कंपनीची नियमांची फाइल आम्हाला बदलता येत नव्हती. तिच्यावाचून काम मिळणार नव्हतं. आणि ती ठेवली तर ताईंनी इतक्या वर्षांत बांधावर उभं राहून लिहिलेले सगळे आकडे चार चारच्या रांगेत उभे राहणार होते. शेठ पहिल्यांदा म्हणाले, "आकडा तोच राहतो ना? मग राहू द्या." मग स्वतःच म्हणाले, "नको." डिंगोऱ्याचा पाइप त्यांच्या खर्चाने गेला होता.

ताई तोवर घरी आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना घरीच राहायला सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला होता. मी आण्याला गेलो. त्या ओट्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. वहिनींनी चहा दिला. मी अडचण सांगितली.

"माझ्यामागं कुणीतरी ह्या फायली उघडणार," त्या म्हणाल्या. "ज्यो कुणी उघडंल त्याला वावर दिसलं पायजे, सर. न्हाईतर कारंजी व्हत्यात. तेवढं एक करा माझं. दुसरं काही मागत न्हाई."

त्यांनी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं.

मार्ग इंजिनियरनेच काढला. टूलला एक सवलत असते. प्रोग्राममध्ये एक ठरावीक ओळ लिहिली की इस्त्री तिथे थांबते, आणि दुसरी ओळ आली की पुन्हा चालू होते. मधल्या मजकुराला ती हात लावत नाही. त्याने कंपनीला विचारलं. त्यांनी कळवलं की सवलत घेता येईल, पण प्रत्येक ठिकाणी शेजारी कारण लिहायचं. शेत न पाहिलेल्या माणसाला पटेल असं कारण. ते पटलं नाही तर सवलत नाही.

कारण ताईंनाच ठाऊक होतं. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी आण्याला जायला लागलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, ताई उशीला टेकून. मी फाइल उघडून शेतकऱ्याचं गाव सांगायचो आणि त्या डोळे मिटायच्या. मग बोलायच्या, मी लिहून घ्यायचो. वर दोन, मधे चार, खाली तीन. मधला बांध रुंद, त्यावरून बैलगाडी जाते. एका शेताला त्या म्हणाल्या, "ह्याचं वावर पायताणासारखं हाय, टाचंला एक व्हॉल्व्ह." मी विचारलं, हे लिहू का? "लिहा की. खोटं हाय का?" लोणीच्या एका शेतावर त्या अडल्या. तीन की चार, आठवेना. मग वहिनींना हाक मारून म्हणाल्या, "अगं, लोणीला आपण हुरडा खाल्ला ते वावर किती तुकड्यांचं?" वहिनी आतून म्हणाल्या, "मला हुरडा आठवतोय, वावर न्हाई." आम्ही त्या शेतकऱ्याला फोन केला.

मी ही टिपणं मराठीतच ठेवली. कंपायलर टिपणं वाचत नाही, त्यामुळे त्याला भाषेशी कर्तव्य नसतं. इंजिनियर म्हणाला की कंपनी इंग्रजी मागेल. ताई म्हणाल्या, "मागितली तर देऊ. वावर मराठीत हाय सध्या." सवय म्हणून मी पुस्तिकेसारखी शुद्ध वाक्यं करू लागलो की त्या टोकायच्या. "सर, 'तथापि' काढा. बांधावर तथापि नसतंय."

तुम्ही आजारी माणसाजवळ बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, काही दिवस असे येतात की माणूस विसरतो. मीही विसरायचो. पठारावर वारा असायचा, चहा असायचा, आणि ताई एकेका शेतातून मला हिंडवून आणायच्या, तिथला कुत्रा चावरा आहे हे सांगून.

फायली पूर्ण झाल्या. इंजिनियरने पुन्हा एकदा सगळ्याला इस्त्री मारली. ओळी सरळ झाल्या, कंस जागेवर गेले, आणि ताईंचे आकडे होते तसेच राहिले. कंपनीला पाठवून दिलं. शेठ रोज सकाळी विचारायचे, आलं का उत्तर? त्यांना कामाची काळजी होती. मला दुसरीच होती. ताई आता जास्त वेळ झोपून असायच्या.

उत्तर आलं तेव्हा मी गाडी काढली आणि सरळ आण्याला गेलो. ताई आत खाटेवर होत्या. मी वाचून दाखवलं. सगळी कारणं मान्य. सवलत मान्य. तपासणाऱ्याने एक प्रश्न मात्र विचारला होता. तो मराठी वाचणारा होता, पण बहुधा शहरात वाढलेला. टिपणांत 'बांध' हा शब्द वारंवार येतो, त्याचा अर्थ एका ओळीत द्यावा.

ताईंनी ऐकलं. त्यांना फार हसता येत नव्हतं, पण डोळे हसले. "बिचारं," त्या म्हणाल्या. "लिहा."

मी लॅपटॉप उघडला.

"दोन वावरांच्या मधली उंच जागा. तिथं पेरत न्हाईत." मी लिहिलं. त्या थांबल्या. मला वाटलं झालं. मग म्हणाल्या, "तिथं उभं राह्यलं की दोन्हीकडचं दिसतं."

मी वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि वहिनींना म्हणाल्या, सरांना जेवायला वाढ.

हे शुक्रवारी झालं. सोमवारी त्या गेल्या.

कंपनीचं काम आता चालू आहे. फायलीच्या सुरुवातीला बांधाचा अर्थ लिहिलेला आहे, ताईंच्या बोलीत. ताईंच्या प्रत्येक आकड्यापाशी इस्त्री थांबते आणि मग पुढे जाते. सी मला अजून नीट येत नाही, बाकीचा प्रोग्राम इंजिनियर बघतो. नवीन शेत आलं की मी जातो, बांधावर उभा राहतो, पाणी आधी कुणाला ते विचारतो आणि आकडा लिहितो.